बंद खात्यातून हाक

४ सप्टेंबर २०१७, सोमवार
यवतमाळ

रुजू झाले एकदाची! पुण्यातली नोकरी सोडून यवतमाळला जाते म्हटल्यावर मैत्रिणींनी अशा नजरेनं पाहिलं की जणू मी संन्यासच घेतेय. त्यांना काय सांगणार? इथून दारव्हा एसटीनं जवळ, दारव्ह्याला गावाच्या टोकाला, वावराला लागून असलेल्या घरात बाबा, आणि आई गेल्यापासून बाबा एकटे. नळाला पाणी रोज येत नाही हे खरं, पण घरमालकीणबाई रोज चहाला हाक मारणार असं आजच्या लक्षणांवरून दिसतंय.

कंपनीचं नाव रानहाक. आर्णी रोडवर खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर ऑफिस आहे. जिना चढताना फवारणीच्या औषधांचा वास नाकात बसतो, वर पोचलं की एसी आणि रूम फ्रेशनर. मालक श्रीकृष्ण सर, वय चाळिशीचं, बोलायला गोड. त्यांनी स्वतः माझी खुर्ची पुसून दिली. म्हणाले, पुण्याहून कोणी वापस येते हे पाहाले खालचे दुकानदार वर येऊन राह्यले.

काम मला आवडलं. शेतकऱ्यानं आमच्या नंबरवर मिस कॉल दिला की त्याचं खातं उघडतं. मग रोज सकाळी त्याच्या फोनवर कापसाचा भाव, हवामान, कोणत्या अळीवर काय फवारायचं, सगळं बोलून सांगितलं जातं. वाचता येवो न येवो, अडत नाही. शिवाय खातं उघडताना जवळच्या माणसांचे नंबर द्यायचे. रानात असताना एक बटण दाबून निरोप बोललं की त्या माणसांना फोन जातो, त्याच्याच आवाजात. भाकर लवकर आणा, बैल सुटला, पाऊस आला, असे निरोप. जिल्ह्यात याच सोयीचं कौतुक आहे.

माझ्याकडे ग्राहकांच्या तक्रारी, आणि एक वेगळी पेटी: सिक्युरिटीच्या मेलची. काही लोकांना दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये कुठं भोक आहे ते शोधायची हौस असते. ते शोधतात आणि कळवतात. मोठ्या कंपन्या त्यांना बक्षीस देतात. आम्ही आभार देतो. सरांनी रीत समजावली. आधी कोणी कळवलं असेल तर ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करायचं. त्यानं लिहिलेल्या पायऱ्या आपण करून पाहायच्या, तसं झालं नाही तर ‘दिसून आलं नाही’ म्हणून बंद करायचं. खरंच निघालं तर अमरकडे द्यायचं, पण ही शेवटची वाट जपून वापरायची, कारण त्यात काम वाढतं. सर हसले, मीही हसले.

७ सप्टेंबर, गुरुवार

अमर म्हणजे आमचा सर्व्हर सांभाळणारा. डोळे सदा लाल, खिशात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं आज माझं टेस्टचं खातं उघडून घेतलं. नव्या माणसाला चाचणीसाठी खोटा शेतकरी लागतो, पण ओटीपी यायला सिम खरं हवं. म्हणून इथं प्रत्येकानं आपापल्या घरचं माणूस जुंपलेलं आहे. सरांच्या शोभावहिनी, ज्यांनी म्हणे तुळसही कधी नीट जगवली नाही, त्या आमच्या सर्व्हरवर झरी जामणीच्या सोयाबीन उत्पादक आहेत.

मी बाबांना घेतलं. सदाशिवराव, बोरी अरब, पाच एकर कापूस. जवळचं माणूस म्हणून माझा नंबर. मग अमर म्हणाला तुझंही एक उघड, तेही उघडलं, त्यात जवळचं माणूस बाबा.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. जन्मभर दारव्ह्याच्या कोर्टात पुकारे ऐकत कारकुनाच्या टेबलाशी बसलेला माणूस! म्हणाले, काहून वं, ह्या वयात मले शेतकरी करून राह्यली का? पण आवाजात खुशी होती. उद्यापासून त्यांना रोजचा कॉल येणार म्हणून ते आत्ताच शेजाऱ्यांना बोंडअळीवर सल्ले द्यायला लागले आहेत.

बाबांचा आणि फोनचा संसार मोठा गमतीचा आहे. साधा बटणांचा फोन, पण तो सदऱ्याच्या खिशातून हलत नाही. आंघोळीला गेले तरी दाराबाहेर स्टुलावर. वाजला की उचलायचाच. समोरच्या माणसाला ताटकळत ठेवणं त्यांना पाप वाटतं. बँकेच्या कर्जवाल्या पोरींशीसुद्धा ते जेवण झालं का विचारून बोलतात. आणि मला दर फोनच्या शेवटी एकच प्रश्न: येतं ना? म्हणजे घरी येतेस ना.

१३ सप्टेंबर, बुधवार

सिक्युरिटीची पेटी आज साफ केली. मजा असते. एकानं कळवलंय की आमच्या वेबसाइटचा रंग डोळ्यांना धोकादायक आहे. दुसऱ्यानं धोका नंतर सांगतो, आधी टी-शर्ट पाठवा असं लिहिलंय.

एक मात्र नीट लिहिणारा आहे. किसनसिंग राठोड. मारेगावजवळच्या तांड्यावरचा, हैदराबादेत सिक्युरिटी कंपनीत होता, आता घरी असतो. म्हणतो की खातेदार वारल्यावर घरचे कळवतात, तुम्ही खात्यावर ‘मृत’ अशी खूण करता, पण त्या खात्याची निरोपाची सोय बंद होत नाही. मेलेल्या माणसाच्या खात्यातून त्याच्या जवळच्यांना कॉल जातात. कृपया लवकर बंद करा, यात माणसांच्या जिवाला धोका आहे.

जिवाला धोका वगैरे जरा जास्तच झालं. पण मागं पाहिलं तर गंमत दिसली. त्यानं आधीही हेच कळवलंय. पहिल्यांदा माझ्या आधीच्या मुलीनं ‘दिसून आलं नाही’ म्हणून बंद केलं. दुसरं पहिल्याचं डुप्लिकेट, तिसरं दुसऱ्याचं डुप्लिकेट. काय सोय आहे! एकदा नाही म्हटलं की पुढं जन्मभर विचार करायला नको. मीही या वेळचं डुप्लिकेट म्हणून बंद केलं आणि डबा खायला गेले.

१९ सप्टेंबर, मंगळवार

किसनसिंगचा ऑफिसला फोन आला. मी थट्टेच्या तयारीत होते, पण तो भांडला नाही. वर्गात समजावून सांगावं तसं बोलत होता.

गेल्या हंगामात त्याचे काका हिरासिंग फवारणी करताना विषबाधा होऊन वारले. यंदाही तशाच बातम्या रोज पेपरात आहेत, कापूस डोक्याएवढा वाढलाय आणि फवारा तोंडावर येतोय. घरच्यांनी रानहाकला कळवलं, खात्यावर ‘मृत’ लागलं. तेराव्यानंतर भर दुपारी काकूच्या फोनवर कॉल आला. काकांचा आवाज. मागं पंपाचा आवाज, फस्स, फस्स. ते म्हणाले, येतं ना? काकू भांबावून हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं खातं ‘मृत’ झाल्याचा मेसेज आला. ती हसली, साऱ्या तांड्याला फोन दाखवत फिरली. मग रेशनच्या मशीनला तिचा अंगठा लागेना. मग फोनवर तिचं बोलणं पलीकडं ऐकू जाईना, नुसता पंप ऐकू जायचा. शेवटी समोरासमोरही तिचा आवाज फुटेना. आणि एका दुपारी ती काकांच्या वावरात धुऱ्यावर, बांधावर, बसलेली सापडली, बसल्या जागीच संपलेली. तोवर तिच्या आवाजातला कॉल किसनसिंगच्या वडिलांना, भावसिंगला, येऊन गेला होता. तेही हो म्हणाले होते, आणि काकूसारखेच गेले. आता आई लालीबाई उरली आहे आणि ती फोनला हात लावत नाही.

मी विचारलं, म्हणजे तुमचं म्हणणं भूत आहे? तो म्हणाला, मॅडम, भूत हाये का नाई ते मले नका इचारू. बंद खात्यातून कॉल जाऊन राह्यला, हे तं तुमच्या सर्व्हरवर दिसते ना? तेवढा बंद करा. बाकी माझं मी पाह्यतो.

त्याचा आवाज ऐकून मला कसंसंच झालं, खोटं कशाला लिहू. सरांना जाऊन सांगितलं. सरांनी चहा मागवला. म्हणाले, मुंबईचे पैसे लावणारे लोक दिवाळीच्या आत येणार आहेत. रोज किती कॉल जातात तो आकडा पाहूनच ते ठरवतील. बंद खाती वेगळी काढली तर आकडा खाली येतो, आणि इतक्या माणसांची खाती मृत का, असंही कोणी विचारेल. शिवाय हा पोरगाच जुने आवाज वाजवत असणार. जो कळवतो त्यानंच केलेलं असतं, असा सरांचा अनुभव. त्याला नोटीस द्यायची: कंपनीच्या सिस्टीममध्ये शिरल्याबद्दल पोलिसात तक्रार का करू नये. मसुदा मी लिहिला. छान जमला, सर म्हणाले.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

काल घट बसले. गावात चौकाचौकांत देवीचे मंडप आणि लायटिंग. इथला दुर्गोत्सव पाहायला नागपूरहून माणसं येतात म्हणे.

नोटिशीला किसनसिंगचं उत्तर आलं. रागाचा शब्द नाही. लिहितो की माझ्यावर विश्वास नको, तुमच्याच रीतीनं करून पाहा. कोणतंही चाचणीचं खातं घ्या. त्यावर ‘मृत’ लावा. थांबा. कॉल येईल, तो लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या कॉलच्या नोंदीत, दिसेल, तेवढा पुरावा पुरे. फक्त कॉल उचलू नका, आणि उचललाच तर येतं ना विचारल्यावर हो म्हणू नका.

मला खरं तर हे प्रकरण कायमचं मिटवायचं होतं. पायऱ्या केल्या, काही झालं नाही, ‘दिसून आलं नाही’, विषय संपला. माझ्या हाताशी चाचणीची खाती दोनच, माझं आणि बाबांचं; कॉल माझ्याच फोनवर यावा म्हणून बाबांचं घेतलं. ‘चालू’ पुसून तिथं ‘मृत’ निवडताना बोट जरा अडलं. मग स्वतःलाच हसू आलं. शोभावहिनी सोयाबीन पिकवू शकतात तर बाबा दोन दिवस मरू शकतात. निवडलं आणि सेव्ह केलं. कोणाला सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

आला.

सकाळी अकराच्या सुमारास, भर ऑफिसात, मी चिवडा खात होते. माझ्या मोबाइलवर रानहाकचा नंबर. उचलला. बाबांचा आवाज, अगदी बाबांचाच, थोडा धापा टाकत. मागं फस्स, फस्स. आभा, म्हणाले, येतं ना?

आणि मी, तोंडात घास, नेहमी म्हणते तसं म्हणाले, हो बाबा, येते.

म्हटल्यावर किसनसिंगनं बजावलेलं आठवलं.  थोडा वेळ पंप चालत राहिला, मग कॉल तुटला. मी लगेच बाबांना लावला. ते वाचनालयात पेपर वाचत होते. त्यांनी कसलाही निरोप दिलेला नाही, ते बटण कोणतं हेही त्यांना माहीत नाही. पंपाचा आवाज कुठून येईल, म्हणाले, वाचनालयात का कोणी फवारणी करते?

लॉग पाहिला. कॉल बाबांच्या खात्यातूनच, ‘मृत’ खूण असताना गेलेला. म्हणजे किसनसिंगचं शब्द न् शब्द खरं. भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला, की मी शोधलं, मी सिद्ध केलं. बाबांचं खातं लगेच ‘चालू’ केलं. पायऱ्या, वेळ, लॉग, सगळं जोडून रीतसर रिपोर्ट लिहिला आणि अमरकडे दिला. आता तरी बंद करतील.

२६ सप्टेंबर, मंगळवार

बाबांचं खातं ‘चालू’. देवाची कृपा.

माझ्या खात्यावर ‘मृत’.

मी केलेलं नाही. अमरनं केलेलं नाही. कोणी बदललं त्या रकान्यात काहीच नाही. अमर हसला, म्हणाला सर्व्हरला उष्णता झाली, आणि माझ्यासमोर ‘चालू’ करून दिलं. आम्ही चहा पिऊन आलो. पुन्हा ‘मृत’. त्यानं पुन्हा बदललं. आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो आणि आमच्या डोळ्यांदेखत ते बदललं. अमर हसला नाही. खर्रा थुंकायला म्हणून उठला आणि बराच वेळ परत आला नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

माझ्या रिपोर्टला उत्तर आलं. कंपनीच्याच छापील मजकुरात, तोच मजकूर जो मी रोज इतरांना पाठवते. आपण दाखवलेल्या जागरूकतेबद्दल आभार. हा मुद्दा पूर्वी नोंदवला गेला असल्यानं डुप्लिकेट म्हणून बंद करत आहोत. कशाचं डुप्लिकेट? किसनसिंगच्या रिपोर्टचं, जो मी बंद केला. आणि तो त्याच्या आधीच्याचं, आणि त्याच्या मुळाशी काय, तर ‘दिसून आलं नाही’.

सरांच्या केबिनमध्ये गेले. हात जोडले. एक स्विच आहे, म्हटलं, बंद खात्यांचे कॉल थांबवा, बाकी काही मागत नाही. तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, किसनसिंगचं आहे. सर म्हणाले, दिवाळीनंतर नक्की करू. बाहेर बोलणार नाही असं एका कागदावर लिहून मागितलं. मी सही केली नाही, तर म्हणाले, ठीक आहे, सावकाश कर, तू घरचीच आहेस.

किसनसिंगचा नंबर मागितला तर कळलं, तक्रार झाली. त्याचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही जप्त. माझ्या त्या छान जमलेल्या मसुद्यावरून. मला माझीच किळस आली.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी हजेरीच्या मशीननं अंगठा घेतला नाही. पुसला, धुतला, दुसरं बोट लावलं. नाही.

काकूचं असंच सुरू झालं होतं. अंगठा, मग फोन, मग आवाज. मग वावर.

मी मरायला भिते का? भिते. फार भिते. पण बसून विचार केला तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. माझं खातं ‘मृत’ म्हणजे आता माझ्या आवाजात कॉल जाणार. कोणाला? माझ्या खात्यावर जवळचं माणूस एकच लिहिलंय.

त्यांचा नंबर काढायला गेले. पुसला जात नाही. मृत खातेदाराच्या नोंदीत बदल करता येत नाही, असं येतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांना फोन लावला. ते हॅलो हॅलो करत राहिले. मी ओरडून सांगत होते, बाबा, माझ्या आवाजात कॉल आला तर उचलू नका. ते म्हणाले, कोण फवारणी करून राह्यलं बाप्पा, काही ऐकू नाही येत. आणि ठेवला.

घरमालकीणबाईंच्या फोनवरून, चौकातल्या दुकानातून, सगळीकडून लावून पाहिला. मी बोलते, पलीकडं पंप. मेसेज जात नाहीत. गेले तरी बाबा वाचत नाहीत.

शेवटी अमरला विनवलं. तो भला आहे. त्यानं त्याच्या फोनवरून लावला, मी सांगितलं तसं सारं बोलला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. बाबा त्याला म्हणाले, की आभाचा आत्ताच फोन येऊन गेला. ती म्हणे, ऑफिसातली पोरं तुमची मजा घ्यायले फोन करतीन, घाबरू नका.

मी आज बाबांशी बोललेच नाहीये.

अमरनं विचारलं, ती अजून काय बोलली? बाबा म्हणाले, काही नाही जी, जेवण झालं का म्हणे, लय दिवसांनी निवांत बोलली पोरगी. अमरनं विचारलं, येता ना, असं म्हणाली का? बाबा म्हणाले, नाही, तसं कायले म्हणन, मीच तिले म्हणतो. आणि हसले.

अजून विचारलेलं नाही. अजून वेळ आहे.

अमर सामान उचलून घरी गेला. बंद खात्यांचे कॉल थांबवायच्या स्विचचा पासवर्ड एकट्या सरांकडे, सर मुंबईला.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा

आवाज गेला. सकाळी घरमालकीणबाई सोनं द्यायला आल्या, मी तोंड उघडलं, काही नाही. त्या म्हणाल्या घसा बसला का, काढा देते. मी मान हलवली आणि निघाले.

स्टँडवर दसऱ्याची गर्दी. गाडी लागत नाही. बाकावर बसून लिहितेय, हाताला काही तरी हवं.

मोबाइलवर लॉग दिसतोय. माझ्या खात्यातून बाबांना कॉल गेला. उचलला. बोलणं चालू होतं बराच वेळ. मग तुटला. बाबांचं खातं ‘चालू’.

पुन्हा गेला. उचलला. ‘चालू’.

बाबा, एकदा तरी वाजू द्या ना. एकदा तरी —

गाडी लागली.

तीच, गाडीत

दोन्ही बाजूंनी कापूस. पांढऱ्या ठिपक्यांच्या आत कुठं कुठं पंप पाठीवर घेतलेली माणसं. तोंडाला रुमाल. त्यातली काही गाडीकडं बघून हात हलवतात. कंडक्टर माझ्याजवळून दोनदा गेला. तिकीट मागितलं नाही. मी पैसे पुढं केले, त्यानं शेजारच्या बाईला विचारलं, ही जागा रिकामी हाये का?

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मग हो म्हणाली —

वावराकडं बघायचं नाही. उतरावंसं वाटतं. इथंच, मधेच. पाय आपोआप —

नाही. आधी बाबा.

दारव्हा

दार आतून लावलंय. ठोकतेय. आत बाबा फोनवर आहेत. ऐकू येतंय सगळं. म्हणाले, थांब वं, कोणी दार वाजवून राह्यलं. मग ऐकलं. मग म्हणाले, बरं बरं, तू म्हणतं तं नाही उघडत.

मी हाक मारतेय. घशातून काहीच —

शेजारी कुलूप. सारे सोनं लुटायला गेले.

खिडकीची काच वाजवली. बाबांनी पडदा सारून पाहिलं. सरळ माझ्याकडं. मग पडदा सोडला आणि फोनमध्ये म्हणाले, कोणीच नाही वं.

पान फाडून दाराखालून सरकवते. अक्षर तरी दिसेल. बाबा, माझं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत —

बाबा,
फोनवरची मी नाही. मी दारात आहे. ती विचारेल येता ना. नाही म्हणा. ती रडली तरी नाही म्हणा. मी रडले तर तुम्हाला सोसत नाही, मला माहीत आहे, पण ती मी नाही. खिशातून फोन काढा आणि बादलीत टाका. बाबा फक्त नाही म्ह

ती रडतेय. फोनमधून इथवर येतंय. माझंच रडणं —

बाबा म्हणतायत, कायले रडतं पोरी, मी हाये ना, कुठं हायेस तू, मागच्या वावरात का —

नका. बाबा नका. बघा, कागद खाली, पायाशी, खाली बघा —

चपला घातल्या. मागच्या दाराची कडी

बाबा तिकडं नाही मी इकडं आहे, मी इक